खोटा खडा

वैजूच्या धाकट्या पोराचं, ओजसचं, जावळ काढलं ते २०४१ साल. माघ महिना होता. जावळाच्या जेवणाला बोकड कापलं होतं, इचलकरंजीतल्या भावकीची शंभर-सव्वाशे माणसं पंगतीला होती, आणि त्या पंगतीत वैजूच्या बापाचा, सिद्राम बुगडचा, खालच्या दातांचा ब्रिज तिसऱ्यांदा निघाला. नळी फोडताना नाही, हाड चघळताना नाही. समोरच्या पंगतीत बसलेल्या बायकोला, शालनला, "मीठ कमी हाय" एवढंच सांगताना निघाला आणि रश्श्याच्या वाटीत पडला.

शालननं ते पाहिलं. शालनला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आपला आवाज केवढा लागतो याचा तिला अंदाज नसे. ती म्हणाली, "पडला न्हवं परत? चोरून तंबाखू मळतायसा, त्याची फळं."

सगळी पंगत हसली. सिद्रामनं तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली होती. तो वाटीतनं ब्रिज काढून रुमालात बांधत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरीणबाईंपुढं खुर्चीत आडवा झाला. मृणाल आवटी मूळच्या नाशिककडच्या. वय चौतिसाच्या आसपास, हात हलका, बोलणं नेमकं. आधीचे दोन्ही ब्रिज त्यांनीच बसवलेले.

"काका, खरं सांगा. तंबाखू?"

"न्हाई."

"सुपारी? दातांनी दोरा तोडता? झोपेत दात खाता?"

"झोपेत खातो का न्हाई ते मला कसं कळंल? आन् बायकोला ऐकू येत न्हाई."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी प्लॅस्टरचा एक जबडा हातात घेतला. सिद्रामच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात मागेच पडून गेले होते. दोन्ही अंगांच्या उरलेल्या दाढा खांब म्हणून धरायच्या, त्यांच्यावर टोप्या घालायच्या आणि एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत एकसंध दात बसवायचे. ओढ्यावर साकव टाकावा तसा.

"खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखं हाड," त्या म्हणाल्या. "तोंड फार मोठं उघडलं की स्नायू ओढले जातात आणि नालाची दोन टोकं किंचित आत येतात. दोन-चार केसांची जाडी, जास्त नाही. तुम्हाला कळतही नाही. पण वर आपण एकसंध ब्रिज बसवलाय. हाड वाकतं, ब्रिज वाकत नाही. त्या दोघांच्या भांडणात मधलं सिमेंट मरतं. हे एक झालं."

"आन् दुसरं?"

"दुसरं, तुमचा जबडा आडवा सरकतोय. डावीकडे, उजवीकडे. टोप्यांवर घासल्याच्या खुणा आहेत. दाताला उभा भार सोसतो, आडवा नाही सोसत. खुंटा ठोकायचा असला तर आपण वरून घाव घालतो, आणि उपटायचा असला तर?"

"हलवतो."

"तेच चाललंय तुमच्या तोंडात."

सिद्रामनं आयुष्यभर मागावर कापड विणलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे उभ्या ताण्याचा जोर चालतोय, आडव्या बाण्याचा चालत न्हाई."

त्या वर्षी नव्या तऱ्हेचा ब्रिज निघाला होता. लोक त्याला जाणता ब्रिज म्हणत. त्याच्या पोटात मोहरीएवढे सहा कण असत. चावण्याच्या दाबावरच त्यांच्यापुरती वीज तयार होई. जबडा किती उघडला, कुठल्या अंगाला सरकला, किती जोरानं मिटला, हे सगळं ते कण टिपत. पहिले एकवीस दिवस ब्रिज नुसता टिपत राही. बाविसाव्या दिवसापासून तो जबड्याला शिकवायला लागे.

"शिकवतो म्हंजे?"

"भातात खडा लागला की तुम्ही काय करता?"

"थांबतो."

"तुम्ही नाही थांबत. जबडा थांबतो. तुम्हाला कळायच्या आधी. दाताच्या मुळाशी बारीक नसा असतात. खडा लागला की त्या तुमच्या मनाला न विचारता परस्पर जबड्याला अडवतात. हा ब्रिज तेच करतो. जबडा हद्दीबाहेर निघाला की तो मुळाला बारीकशी टिचकी मारतो. जबड्याला वाटतं, खडा आला. तो मागं फिरतो. दुखत नाही, टोचत नाही. महिन्या-दोन महिन्यांत जबडा ती वाटच सोडून देतो."

"म्हंजे खोटा खडा."

"हो," त्या म्हणाल्या. "खोटा खडा."

"आन् हद्द कोण ठरवणार?"

"मशीन ठरवतं. हजारो माणसांचे जबडे जेवताना कसे चालतात ते त्याला माहीत आहे."

सिद्रामला हे पटलं. त्याला खायची हौस होती. एकच गोष्ट विचारायची राहिली, कारण ती त्याला सुचलीच नाही. चालायला लागल्यापासून कुणी पायाकडं बघत नाही, तसं त्याचं बोलण्याचं झालं होतं.

त्याचं बोलणं साधं नव्हतं.

तो अठराव्या वर्षी मागावर उभा राहिला तेव्हा त्या कारखान्यात अठ्ठेचाळीस माग होते. बाण्याचा दोरा घेऊन पळणारा लाकडी धोटा एका मिनिटात सव्वाशे-दीडशे वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटायचा. असे अठ्ठेचाळीस धोटे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. माणसं मग ओरडायचं सोडून द्यायची आणि आवाजाविना बोलायला लागायची. तोंड भरपूर उघडून, एकेक अक्षर जबड्यात मांडून. कान निकामी होते, डोळे चालू होते.

पण डोळ्यालाही अडचण होती. आरशापुढं उभं राहून आवाज न करता "पीठ" म्हणावं, मग "मीठ" म्हणावं. ओठ सारखेच मिटतात. प, ब, म ही तीन अक्षरं ओठांवर वेगळी दिसतच नाहीत. त्या कारखान्यातल्या कुणा जुन्या माणसानं यावर तोड काढली होती. म म्हणताना जबडा डावीकडं सरकवायचा, ब म्हणताना उजवीकडं, प सरळ ठेवायचा. नवा माणूस आला की आठ दिवसांत शिकायचा, आणि एकदा शिकला की घरी, बाजारात, देवळातही त्याचा जबडा तसाच चालायचा. याला ते मागबोली म्हणत. मागबोलीत "तुम्ही" नव्हतं. लांबचा शब्द धुरळ्यात हरवतो, म्हणून मालकालाही "तू".

तोंड बारीक करून बोलणं मात्र त्या लोकांत वाईट समजत. त्याला ते तोंड गिळणं म्हणत. जो तोंड गिळतो तो काहीतरी लपवतो, असा सरळ हिशेब.

शालन त्याच कारखान्यात धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरायची. तिच्या आणि त्याच्या मधे चार माग होते. सिद्रामनं आपलं नाव सांगितलं तेव्हा तिनं मुद्दाम जबडा उजवीकडं सरकवून "सिद्राब" म्हणून दाखवलं, आणि पुढं सहा महिने ती त्याला सिद्राबच म्हणायची. एक दिवस मालक दोघांच्या मधे उभा राहून सूत तपासत होता. त्याच्या डोक्यावरून सिद्रामनं विचारलं, "लगीन करतीस का माझ्यासंगं?" शालननं कांडी बदलली, दोरा जोडला, वर बघितलं. जबडा उजवीकडं सरकला. "बरं."

मालकाला काही कळलं नाही. ते १९९३ साल.

माग भंगारात गेले, कारखान्याच्या जागी गाड्यांचं दुकान झालं, बोली जाणणारी माणसं एकेक करून संपली. शालनचे कान पुरते गेले. वैजूनं कानाचं भारी यंत्र आणलं होतं. शालननं दोन दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "घरात परत माग सुरू झाल्यागत वाटतंय," म्हणाली. मग वैजूनं बोललेलं अक्षरांत उमटवणारा चष्मा आणला. शालन म्हणाली, "अक्षरं वाचत बसले तर ह्यांचं तोंड कधी बघू?"

सिद्रामला थोडं ऐकू यायचं. पण घरात दोघं मागबोलीतच बोलत. चारचौघांत आवाजानं बोलायची वेळ आली की शालन त्याला "अवं, तुम्ही" म्हणायची. जबड्यात मात्र "तू". पोरीला, वैजूला, यातलं अर्धंमुर्धंच कळायचं, कारण ती मागांच्या नंतरची.

जाणता ब्रिज वीस फेब्रुवारीला बसला. पुढचे एकवीस दिवस तो नुसता टिपत राहिला. त्याच दिवसांत शालनला दम लागायला लागला. जिना चढून आली की पायरीवरच बसायची. वैजूनं तिला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वैजूला आणि सिद्रामला आत बोलावलं. काळजाचा स्नायूच थकलाय, म्हणाले. झडप बिघडली असती तर बदलली असती. फुप्फुसांतही जुन्या कापसाची तूस आहे, मोठं काही सोसणार नाही. गोळ्यांवर वर्ष निघेल. फार तर सव्वा वर्ष.

बाहेर बाकावर शालन बसली होती. वैजूनं दारातच बापाचा हात धरला. "अण्णा, आईला सांगायचं न्हाई. हाय ते दिवस सुखात जाऊदेत."

सिद्राम "व्हय" म्हणाला. बाहेर येऊन शालननं विचारलं, "काय म्हणाला?" तो म्हणाला, "गोळ्या दिल्यात." ते खोटं नव्हतं. तोंड त्यानं गिळलं नाही. फक्त पुढचं बोलला नाही.

पण पोटात ठेवणं त्याला जमेना. दुपारी शालन जेवून कॉटवर पडायची, भिंतीकडं पाठ आणि तोंड इकडं. झोप लागली की सिद्राम खुर्ची ओढून समोर बसायचा आणि जे सांगायचं ते पूर्ण तोंड उघडून सांगायचा. आवाज नव्हताच, त्यामुळे ती जागी व्हायचा प्रश्न नव्हता. आज सराव झाला, उद्या जागेपणी सांगू, असं तो रोज ठरवायचा. ती उठून चहा ठेवायची आणि ते राहून जायचं.

तेरा मार्चला ब्रिज शिकवायला लागला.

पहिला महिना सिद्राम खुशीत होता. भाकरीची कड, शेंगाची पोळी, उसाचं कांडं. सगळं चावत होता. वैजूला म्हणाला, "पंचवीस वर्षांनी लहान झालो बघ." टिचकी त्याला जाणवतही नव्हती. जबडा कुठंतरी जायला निघे आणि वाटेतनं आपोआप परत येई, इतकंच.

एप्रिलात एकदा त्यानं स्वयंपाकघरात डोकावून "मीठ संपलंय" म्हणून सांगितलं. शालननं पिठाचा पुडा आणला. दुसऱ्यांदा सांगितलं, दुसरा पुडा आला. फळीवर पिठाचे तीन पुडे झाले आणि कालवणाला मीठ नाही. "एवढं पीठ काय पंगतीला लागायचंय?" शालन म्हणाली. दोघं हसले. पण त्या दिवसापासून ती त्याच्या तोंडाकडं जरा निरखून बघायला लागली.

तोंड लहान झालं होतं. आधी जिथं तीन बोटं मावत तिथं आता एक मावत होतं. डावं-उजवं नाहीसंच झालं होतं. म, ब, प तिन्ही आता सरळच येत, कुठलं ते शालननं अंदाजानं धरायचं. सिद्रामला स्वतःला ते दिसत नव्हतं, कारण माणूस स्वतःचं तोंड बघत नाही. शालनला दिसत होतं. मिरजेहून आल्यापासून वैजू आपल्यापुढं येताना चेहरा नीट करून येते, हेही तिला दिसत होतं. आणि आता नवऱ्यानं तोंड गिळायला सुरुवात केली. तिनं दोन आणि दोन चार केले, दोघं मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत.

मे महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "मी चार दिस वैजूकडं राहून येते. तिथं जिना न्हाई. इथं दम लागतोय."

सिद्राम पेपर बघत होता. वर बघून म्हणाला, "बरं."

शालनचा चेहरा उतरला. ती मोठ्यानं म्हणाली, "मर म्हणालासा मला?"

सिद्राम घाबरून उठला. "बरं. बरं म्हणालो." तो जबडा उजवीकडं ढकलायला बघत होता आणि जबडा अर्ध्या वाटेतनं परत फिरत होता. जेवढा जोर लावावा तेवढी टिचकी लवकर. हवेत बोटानं अक्षर काढून दाखवावं हे त्या घाईत सुचलं नाही. तो तिसऱ्यांदा म्हणाला, "बरं गं."

शालननं तीन वेळा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बहिऱ्या माणसानं तोंड फिरवलं की त्याच्यापुढं बोलणं संपलं. दाराला बाहेरून हाक मारता येते, इथं तेही नाही.

ती वैजूकडं गेली. चार दिवसांचे वीस झाले. वैजूनं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, अण्णा 'बरं' म्हणाले होते. शालन म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्यांचं तोंड बघतीया. तू कालची पोर, मला शिकवतीस?"

इकडं सिद्राम आरशापुढं उभा राहिला. आवाजाविना "बरं" म्हणाला. मग "मर" म्हणाला. आरशातल्या म्हाताऱ्याच्या तोंडात दोन्ही एकच होते.

"खडा काढा," त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. "काका, पण बघा तरी. सुरुवातीला तुमचा जबडा दिवसाला चार हजार वेळा हद्दीबाहेर जात होता. जेवताना नाही, मधल्या वेळात. आता सहाशे. ब्रिज दगडासारखा घट्ट आहे. स्नायूंचा काहीतरी जुना दोष होता, तो सुधारला."

"दोष न्हवता त्यो. त्यो माझा संसार हुता."

मग त्यानं सांगितलं. माग, धोटे, म डावीकडं, ब उजवीकडं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि मधे न बोलता ऐकलं. नाशिकच्या बाजूला वाढलेली बाई, तिनं माग चालताना कधी पाहिलेला नव्हता.

"काकूंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पहिल्या एकवीस दिवसांची नोंद आहे. तेव्हा खडा चालू नव्हता. त्या नोंदीवर मशीन तुमचा जबडा जसाच्या तसा चालवून दाखवतं. काकूंना त्यात बोलणं वाचता आलं तर मला कळेल, बोलणं कोणतं आणि दोष कोणता. आणि त्यांनाही कळेल की तुम्ही बदलला नाही, ब्रिजनं बदललंय."

सिद्रामला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. त्यानं वैजूला फोन लावला.

शालन आली, पण सिद्रामकडं न बघता. टेबलावर मशीन होतं. पोलादी चौकटीत प्लॅस्टरचे दोन जबडे, वरचा स्थिर, खालचा चारी दिशांना फिरणारा. ब्रिजसुद्धा हुबेहूब. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. पांढरा जबडा उघडला, मिटला, डावीकडं गेला, परत आला.

शालननं तोंडाला पदर लावला. "आगं बया. हे तर ह्यांचंच." आणि ती हसायला लागली. "बगा की, ओजसचं म्हणतोय. मूठभर... शेंगा... दिऊ नगं... पोराला."

वैजू मशीनकडं बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून विचारलं, ओठ नाहीत, जीभ नाही, कसं कळतं?

कागद वैजूनं आईपुढं धरला. शालन म्हणाली, "चार मागांच्या पलीकडनं ओठ कुठं दिसत हुते? कापसाचा धुरळा. जबडाच दिसायचा."

आता तिनं पहिल्यांदा सिद्रामकडं बघितलं. मशीनकडं, मग त्याच्याकडं. तिच्या ध्यानात आलं होतं, तोंड त्यानं गिळलं नव्हतं, ब्रिजनं अडवलं होतं. सिद्रामचे डोळे भरले. त्यानं रुमाल काढला.

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी पुढची नोंद लावली तेव्हा तो रुमालात होता. पडद्यावर तारीख आली, ५ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रुमाल खाली आला तेव्हा जबडा चालू झाला होता.

"ते नगं," सिद्राम म्हणाला. "डॉक्टरबाई, ते बंद करा."

डॉक्टरीणबाईंचा हात बटणाकडं गेला, पण कुठलं बटण हे बघेपर्यंत शालन वाचत होती. पाटीवरची अक्षरं वाचणाऱ्या पोरासारखी, मोठ्यानं, एकेक सुटं करून, अर्थ मागून येत असल्यासारखी.

"शालन... तुझं... काळीज... थकलंय. डॉक्टर... म्हणाला... वरीसभर. मला... सांगवंना. मला... माफ... कर."

'माफ'ला जबडा शेवटचा डावीकडं सरकला होता, 'कर' झालं आणि मशीन थांबलं.

वैजू भिंतीला टेकली. शालन त्या पांढऱ्या जबड्याकडं बघत होती. मग ती सिद्रामकडं वळली. तिनं कधी केलं नव्हतं ते केलं, आवाजात त्याला "तू" म्हणाली.

"एवढं लपवत हुतास व्हय? आन् मी म्हणत हुते तंबाखू."

सिद्रामनं मान खाली घातली.

"माझं काळीज, मला म्हाईत न्हाई व्हय? जिना मी चढते का तू चढतोस?" ती थांबली, दम घेतला. "झोपलेल्या माणसाला सांगून काय उपेग? जागेपणी सांगायचं हुतंस. मी 'बरं' म्हणाले असते."

वैजूनं आईला बाहेर पाणी प्यायला नेलं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मला ठाऊक नव्हतं."

"तुमची चूक न्हाई. खडा काढा."

"ऐका आधी. ब्रिज मधोमध कापून मी दोन भाग करते. मग जबडा मोठा उघडला तरी ताण बसणार नाही. तो प्रश्न सुटतो. पण आडवं सरकणं? त्याला उपाय नाही. खडा बंद केला तर खांबाच्या दाढा हलणार. एकदा त्या गेल्या की पुन्हा ब्रिज नाही. कवळीसुद्धा नीट बसायची नाही. मऊ भात आणि दूध-भाकरी."

"किती दिस टिकतील?"

"दोन वर्षं. फार तर."

सिद्रामनं दाराकडं बघितलं. बाहेर शालन ग्लास धरून बसली होती. "आन् ती?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा आलेख बंद केला. म्हणाल्या, "मी कंपनीला लिहू शकते. बोलण्याची हद्द वेगळी आणि खाण्याची वेगळी, असं करता येईल. सहा-आठ महिने लागतील."

"तुम्ही लिवा. पुढच्या कुणाला उपेगी पडंल. माझा आज काढा."

त्यांनी त्याच दुपारी काढला.

टिचकी बंद झाली म्हणून जबडा लगेच जुन्या वाटेला लागला नाही. खोटा खडा गेला तरी भीती राहिली होती. महिनाभर शालन त्याला सकाळी खुर्चीत बसवायची. त्याची हनुवटी हातात धरायची. डावीकडं न्यायची, म. उजवीकडं न्यायची, ब. "मीठ. बीट. पीठ." त्याच्याकडनं चुकलं की ती त्याच्या गालावर हलकी चापट मारायची आणि म्हणायची, "सिद्राब." वैजू आली की दारात उभी राहून बघायची. एकदा तीही समोर बसली, "मला पण शिकव" म्हणाली, आणि शालननं दुसऱ्या हातात तिची हनुवटी धरली.

आषाढापर्यंत सिद्रामचं बोलणं पूर्ण आलं. मग दोघं बोलतच राहिले. काय बोलायचे ते वैजूला सगळं कळायचं नाही. कधी माग दुरुस्त करणारा कुठला तरी मेलेला जॉबर, कधी सुताचा भाव, कधी मी गेल्यावर दूध कुठल्या गवळ्याचं घ्यायचं. कण अजून ब्रिजमधे होते आणि टिपत होते. दिवाळीत तपासायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचून दाखवला. दिवसाला पाच हजार तीनशे. "काका, पहिल्यापेक्षा वाढलंय," त्या म्हणाल्या. "डावी दाढ किंचित हलतेय."

"हलू दे."

नोव्हेंबर सरता सरता शालनचा आवाज गेला, कारण आवाजाला जेवढा दम लागतो तेवढा तिच्याकडं उरला नव्हता. त्यांचं काही अडलं नाही. त्यांना आवाज कधीच लागत नव्हता. शेवटच्या सकाळी सिद्रामनं तिला उशीला टेकवून बसवलं आणि विचारलं, "चहा ठिवू का? आलं घालून?"

ती त्याच्याकडं बघत होती. जबडा उजवीकडं सरकला, गव्हाच्या दाण्याएवढा. "बरं."

तो चहा ठेवायला आत गेला.

सिद्रामचा ब्रिज पडला नाही. दोन वर्षं झाली, तीन झाली. हललेली दाढसुद्धा परत घट्ट झाली. तो दर सहा महिन्यांनी जातो, डॉक्टरीणबाई आलेख बघतात. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा, तेही वैजू आली असेल तर. ब्रिज एकदम भक्कम आहे, असं त्या सांगतात, आणि सांगताना त्याच्याकडं बघत नाहीत.

शालन सिद्राम बुगड ३ डिसेंबर २०४१ रोजी, मंगळवारी, सकाळी सव्वाआठ वाजता गेली.